एकोणचाळीस मिनिटांचा मंगळ

बीडीडी चाळ, वरळी
६ फेब्रुवारी १९८३

ती. रामजीमामांस कमलचा शि. सा. न. वि. वि.

संपाला तेरावा महिना लागला. बाबा अजूनही पाळीच्या वेळेला मिलच्या दरवाजापर्यंत जाऊन येतात. आई पापड लाटते. माझ्या बालवाडीच्या पगारावर घर तगून आहे.

लिहिण्याचे कारण वेगळे. वरच्या मजल्यावरच्या रघुवीरशी माझे लग्न ठरत आले होते, हे तुम्ही जाणताच. संप लागला त्याच महिन्यात त्याच्या आईने, राधाबाईंनी, पत्रिका मागवली आणि माझ्या सप्तमात मंगळ निघाला. सातवे घर जोडीदाराचे, तिथला मंगळ नवऱ्याच्या जिवावर येतो, असे त्या म्हणतात. रघुवीर आईचे मन मोडत नाही आणि मलाही सोडत नाही. दोन्ही करण्यात वर्ष गेले. आता शिमग्याला गावी नेऊन त्या त्याला दुसरी मुलगी दाखवणार आहेत.

तुम्ही चाळीस वर्षे भूगोल शिकवलात. हा मंगळ म्हणजे नेमके काय, ते मला समजेल असे लिहा. पत्रिका आणि जन्मनोंदीची नक्कल सोबत आहे.

माया आहेच, ती उत्तरातून पोचू द्या.
तुमची भाची,
कमल


गिरगाव
१२ फेब्रुवारी १९८३

चि. कमल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रथम, राधाबाईंना हसू नकोस. मिल बंद पडली आणि ती केव्हा सुरू होईल, हे कुणी धड सांगत नाही. अशा वेळी माणूस वर पाहतो. आपल्या पूर्वजांनी तेच केले. छापील पंचांग नव्हते तेव्हा पेरणी कधी, सण कधी, हे आभाळालाच विचारावे लागे. चंद्र रोज कोणत्या ताऱ्यांपाशी मुक्काम करतो ते टिपले, त्यातून सत्तावीस नक्षत्रे झाली. बारा राशी पुष्कळ नंतर आल्या, बाबिलोनकडून ग्रीकांच्या हातून. तारे आपापली जागा धरून राहत, पाच ठिपके मात्र हिंडत. त्यांतला एक तांबडा, मध्येच मागे वळणारा. तांबडा म्हणून रक्ताचा, रक्ताचा म्हणून लढाईचा. बिचाऱ्याचा सारा दोष या रंगातून उगवला आहे!

आता घर म्हणजे काय? जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते ते पहिले घर, पुढची तिथून मोजायची. साधारण दोन तासांत एक रास सरून दुसरी उगवते, म्हणून मिनिटांना मोल. तुझी नोंद पाहताना मी इथेच थबकलो. २६ जून १९५४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे, महापालिकेचे प्रसूतिगृह. पालिकेची घड्याळे तेव्हा मुंबई टाइमवर चालत, स्टँडर्ड टाइमच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. पुढच्याच वर्षी ती पद्धत गेली. पत्रिका मांडणाऱ्या गावच्या भटजींना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी ती वेळ स्टँडर्ड धरली. खरी वेळ सात एकोणपन्नास. तेवढ्यात मिथुन सरून कर्क उगवली होती, म्हणून मोजणी एक रास पुढून सुरू होते आणि मंगळ सातव्यातून सहाव्यात गेला. तिथे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे दोष नाही.

मंगळ होता तिथेच होता. त्या आठवड्यात तर सूर्याच्या बरोबर समोर, वर्षातला सर्वांत तेजस्वी. तो कुणाच्या नवऱ्यावर डोळा ठेवून नव्हता, असे माझे मत. पण राधाबाईंशी त्यांच्याच गणिताने बोल.

तुझा,
रामजीमामा


बीडीडी चाळ
२१ फेब्रुवारी १९८३

ती. मामांस सा. न.

पत्र राधाबाईंना दोनदा वाचून दाखवले. ऐकून म्हणाल्या, "घड्याळ बदल्लां म्हणान मंगळ बदलता काय?" तेव्हा त्यांचे यजमान कुशाबा मध्ये पडले. त्या काळी मुंबईत दोन प्रकारच्या वेळा चालत, त्या घोळात मिलमध्ये त्यांचा स्वतःचा एक खाडा लागला होता, असे त्यांनी सांगितले. मग त्या नरमल्या. पण अट घातली, की मुलीची पत्रिका सुधारली तशी मुलाचीही सुधारावी, मापात भेद नको. रघुवीर १९५१चा, त्याच प्रसूतिगृहातला. त्याची नोंद पाठवते आहे. आमच्या घरी आजच साखर वाटायची तयारी आहे.

वाट पाहणारी,
कमल


गिरगाव
२६ फेब्रुवारी १९८३

चि. कमल हिस आशीर्वाद.

गणित तीनदा केले. रघुवीरचा मंगळ नवव्या घरात होता, तो आठव्यात आला, आणि आठवे हे दोषाचेच घर. तुझा दोष सुटला आणि त्याला लागला.

'सर्व ठीक' एवढेच लिहावे, असा मोह झाला. पण ज्या नियमाने तुझी सुटका मागितली तो त्याला लावायचा नाही, हे मला जमण्यासारखे नाही. पत्र दाखवायचे की नाही, ते तू ठरव.

तुझा,
रामजीमामा


बीडीडी चाळ
६ मार्च १९८३

ती. मामांस सा. न.

पत्र दाखवले. रघुवीर म्हणाला, फाडून टाकले असतेस तरी मी काही म्हटले नसते. मी म्हटले, मग जन्मभर मलाच ते आठवत राहिले असते. राधाबाईंनी पत्राची घडी घालून मला परत दिली. दोन दिवस नळावरही दिसल्या नाहीत.

इकडे आईला चेव चढला. मुलाला मंगळ आहे म्हटल्यावर मुलीच्या आईनेही विचार करायला हवा, असे ती सबंध मजल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. बाबांनी डोळ्यांनीच दटावले.

काल संध्याकाळी राधाबाई आमच्या खोलीत आल्या, वर्षभरात पहिल्यांदाच. आईने चहा विचारला, तो नको म्हणाल्या. बसल्याही नाहीत. चौकट धरून मलाच विचारले, की माझ्या मुलाचा मंगळ तुला चालेल का.

मी म्हटले, "मावशी, वर्षभर तो माझ्याच नावावर होता. मला त्याची सवय आहे."

त्या हसल्या नाहीत. पाटावर टेकल्या आणि आईला म्हणाल्या, चहा ठेव, साखर जरा जास्त घाल.

तुमच्या आशीर्वादाची धनी,
कमल