अक्रोडाचा टेकू

एर्मेक,

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हायड्रॉलिक जॅक बसवल्यावर, उचललेल्या हौद्याखाली लावण्यासाठी मी अक्रोडाचा टेकू घडवला होता. काल तू तो फोडून चहाच्या समोवारात जळण म्हणून घातलास आणि पाहुण्यांदेखत मलाच म्हणालास, "दादा, जॅक असताना त्या लाकडाचं कसलं कौतुक?" पाहुणे हसले. जॅक हौदा उचलतो. धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे, हे मी तेव्हाच सुनावायला हवे होते.

आज सकाळी मी उचललेल्या हौद्याखाली ग्रीस लावत असताना जॅकची तेलाची नळी फुटली आणि हौदा कोसळला. मी निसटलो, खांदा तेवढा सोलला.

नवा टेकू आणायला वरच्या जंगलात जात आहे. तोवर ट्रॉलीला हात लावायचा नाही. आईला खांद्याचे सांगू नकोस. आणि आज ग्रीस लावायची पाळी तुझी होती, एवढे ध्यानात ठेव.

मेदेर