देवीपुढची गोळी

करंजाडे, पनवेल

प्रिय परेश,

महिनाभर फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. हे तरी तुला कट करता येणार नाही! मागे तू डेन्मार्कहून एक लेख पाठवला होतास. तिथे कितीतरी लोक देव मानत नाहीत, तरी सुखी आहेत, मग आईचं सारखं एकवीरा-एकवीरा कशाला, असं खाली खोचकपणे लिहिलंही होतंस. तेव्हा चिडून फोनच बाजूला टाकला. आज उत्तर देते.

बाबांचं कार्य झालं, तुझी रजा संपली आणि तू परत गेलास. पुढची आई मी पाहिली. उरणच्या मासळी बाजारात जिच्या आवाजाने गिऱ्हाईक थबकायचं, ती माझ्या घरी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मावशीने तिला भगताकडे नेलं. ‘तुझा नवस चुकला म्हणून नवरा गेला,’ असं तो तिला म्हणाला आणि तिने ते खरं मानून जेवणच सोडलं. मला त्याचा अजून संताप येतो, तेव्हा मला भाबडी समजू नकोस.

मी तिला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मिळाल्या, पण ही घेईना. ‘मी काय येडी हाय?’ मग एका सकाळी बघते तर गोळी एकवीरेच्या फोटोपुढे, हळदकुंकू वाहिलेली! हात जोडून तिने ती प्रसादासारखी तोंडात टाकली. डॉक्टरांना भीतभीत सांगितलं, तर म्हणाले, रोज अशीच घेऊ द्या, फक्त हळद लावू नका. हळूहळू ती जेवू लागली, खाली उतरली आणि एक दिवस सोसायटीतल्या बायकांशी कडाकडा भांडून आली. मला आनंदाने रडूच आलं. काय बाई आहे रे आपली आई! भगताचा देव तिने सोडला, स्वतःची देवी ठेवली.

तुझी ती म्हातारी शेजारीण देव मानत नाही, पण बुधवारचं समूहगान चुकवत नाही, हे तूच सांगितलंस. आमच्या मजल्यावरच्या झुबेदाआपा तर रोज्यांत जास्तच हसतात. ज्याला जे धरून उभं राहता येतं, ते त्याने धरावं.

काल तुझ्या बायकोचा रडत फोन आला. दिपिका म्हणाली, तू कामावर जात नाहीस, अंघोळ करत नाहीस, डॉक्टरचं नाव काढलं की दार लावून घेतोस. आईपासून लपवणार होते, पण ती शेजारीच बसली होती. तिने सरळ पेटीतून पासपोर्ट काढला. व्हिसा मिळाला की ती येतेय. तोवर दिपिकाबरोबर डॉक्टरकडे जा, माझ्या राजा, एवढं ऐक. तू देवाधर्मावरून चिडशील, असं मी आईला बजावलं. तर म्हणाली, ‘त्याला देव नको त नको. आय त लागंल.’

तुझीच,
कीर्तीताई