चंदेरी गाड्यांची यादी

सोमवार, ११ ऑगस्ट २००८
मी, माधव रामचंद्र टिळेकर, बी.कॉम. (पुणे), वय चौपन्न, कॉव्हेंट्रीतील मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात शेड्यूलिंगचा प्रमुख. ही वही उघडण्याचा हेतू एवढाच की, मला जो संशय येतो आहे तो तारीखवार नोंदवावा. पुढे 'मला आधीच वाटत होते' असे म्हणण्याची सोय राहू नये.

उन्हाळी सुट्टीनंतर आज काम सुरू. मोटार कंपनीकडून दर तासाला यादी येते: कोणत्या क्रमाने कोणती गाडी, तिला कोणत्या सीट. त्याच क्रमाने आम्ही लॉरी भरतो. गिऱ्हाइकांनी मागवलेल्या गाड्या कधी एकसारख्या नसतात. एक लाल, एक काळी. एकाला लेदर, एकाला थंडीत गरम होणारी सीट. आजची यादी: चंदेरी, राखाडी कापड. चंदेरी, राखाडी कापड. पानभर तेच. या गाड्या कोणी मागवलेल्या दिसत नाहीत.

तथापि एक सप्टेंबरला नव्या मालिकेच्या नंबरप्लेट निघतात, गिऱ्हाईक त्यासाठी थांबते, तेव्हा डीलर आधीच माल भरून ठेवतात. सबब आज निष्कर्ष नाही.

बुधवार, २० ऑगस्ट
मॅनेजर पी. कॅन्टीनमध्ये खुर्चीवर उभे राहून बोलले. इतकी मागणी पूर्वी कधी नव्हती, शनिवारीही पाळी. टाळ्या. भरभराट खोटी म्हणता येत नाही: सँडविचवाल्याने दुसरी व्हॅन घेतली, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे रांग, लॉरीवाले नवे ड्रायव्हर शोधताहेत. सारे शहर गाड्यांवर जेवते आहे.

डिस्पॅचची बार्बरा, साठीची, मात्र टाळ्या वाजवत नव्हती. म्हणाली, "माझ्या डॅडच्या वेळी हेच होतं, लव्ह. अख्खी गल्ली गाड्यांवर. आमचा फ्रिज बघायला शेजारी यायचे."
"मग?"
"मग काय? गेट बंद." चहा ढवळत राहिली.

दुपारी वसंत गायकवाड (यापुढे गा.) पेढे घेऊन आला. नागपूरचा, शिवण विभागात. बायको मायासह नऊ वर्षे दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने. आता शनिवारच्या पाळीच्या भरवशावर घर घेतो आहे. घरांचे भाव उतरलेत म्हणून त्याचा मालक कमी किमतीला विकायला तयार झाला.
"काहून हो साहेब, असं तोंड पाडून? घर मी घेऊन राहिलो, तुम्ही नाही!"
पेढा खाल्ला.

मंगळवार, ९ सप्टेंबर
प्लेटचा मुहूर्त उलटून आठवडा झाला. यादीत आता रंग यायला हवे होते. आले नाहीत. चंदेरी.

पी.ना विचारले. "फ्लीट ऑर्डर, माधव." म्हणजे एखाद्या कंपनीने घाऊक मागवलेल्या गाड्या. कोणाची? "कॉन्फिडेन्शियल." फ्लीट असती तर 'पोहोचवण्याचे ठिकाण' या रकान्यात काही असते. रकाना कोरा आहे, ओळीने सगळा कोरा. हे मी पी.ना म्हणालो नाही. का म्हणालो नाही, याचा विचार करणे आहे.

रविवार, १४ सप्टेंबर
पत्नी नलिनीसोबत लेस्टरला. परतताना रस्ता बंद, म्हणून वळसा घेतला. वाटेत जुना विमानतळ लागतो, वापरात नसलेला. तारेपलीकडे धावपट्टीभर चंदेरी गाड्या, एकीला एक खेटून. काचेतून सीट दिसत होत्या. आमचे प्लॅस्टिक अजून काढलेलेही नाही.

"अहो, थांबवा नाहीतर चालवा! मध्येच काय?" नलिनी.
सगळे सांगितले: गाड्या खपत नाहीत, शनिवारची पाळी टिकणार नाही. ती म्हणाली, "वसंतला सांगा."
"पुरावा नाही. आणि यादी आमच्या विभागाबाहेर दाखवायची मनाई आहे, माझी नोकरी जाईल."
"पुरावा मागायला तो जज्ज आहे का? शुक्रवारी घराच्या कराराचं एक्स्चेंज आहे त्याचं. एकदा झालं की मागे फिरता येत नाही, तुम्हीच सांगितलंत ना त्याला?"
मीच सांगितले होते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
सांगितले. चहाच्या सुट्टीत, सायकल शेडमागे. यादी कशी वाचायची ते दाखवले: रंग, कापड, कोरा रकाना. गा.ने कोऱ्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले.
"केव्हापासून माहीत हाय तुम्हाला?"
"संशय अकरा ऑगस्टपासून."
"आन् पेढा खाल्ला माझा."
मी कागद घडी करून खिशात ठेवला.

त्याने सॉलिसिटरला फोन करून सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदत मागितली. मालकाकडे दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. बारानंतर तो थांबणार नाही. संध्याकाळी नलिनीने मायाला फोन केला. मायाने उचलला, 'बरं' म्हणाली आणि ठेवला.

सोमवार, २२ सप्टेंबर
सातची यादी: लाल, लेदर. काळी, कापड. हिरवी, गरम होणारी सीट. पुन्हा काळी. एकही ओळ शेजारच्या ओळीसारखी नाही. रकाना भरलेला: ग्लासगो, एक्सेटर, कार्डिफ. आठचीही तशीच. नऊचीही.

दोन अर्थ संभवतात. (१) मागणी खरी आहे, माझा तर्क चुकला, आणि एका माणसाचे घर मी हातचे घालवतो आहे. (२) चंदेरी गाड्या करणे थांबवले आहे, हातात उरलेल्या खऱ्या ऑर्डरी तेवढ्या उरकताहेत, आणि त्या संपल्या की यादीच येणार नाही. दोन्ही अर्थ याच कागदात नीट बसतात. तीनदा तपासले.

पावणेबाराला गा. माझ्या टेबलाशी. "आज काय आलं?"

कागद दिला. त्याने ओळीओळीवर बोट ठेवून वाचला, मी शिकवले तसा. चेहरा उजळला.
"ही तर चांगली हाय ना, साहेब?"
"चांगली आहे. माझा विश्वास नाही."
"तुमचा विश्वास कशावर बसते, ते तरी सांगून द्या एकदा!" हसला नाही. "माझ्या जागी तुम्ही असते तर?"

मी म्हणालो, घेतले नसते. मग म्हणालो, पण मी नऊ वर्षे दुकानावर राहिलेलो नाही.

तो सॉलिसिटरला फोन लावत बाहेर गेला. खिडकीतून पाठ दिसते आहे. फोन कानाला आहे. बोलतो आहे की नुसते ऐकतो आहे, ते येथून कळत नाही.

मा. रा. टिळेकर
कॉव्हेंट्री, २२ सप्टेंबर २००८