पारावर न वाचलेली बातमी

सोलापूर,
६ मे २०२५

ती. बाबांस,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र. रविवारी आपल्या माळवस्तीच्या टँकरची माझी बातमी नावासकट छापून आली. कागदावर रोज दोन खेपा, प्रत्यक्षात आठवड्यातून एक. ठेकेदार ती खोटी म्हणून मोबाईलवर फिरवतो आहे. तेही मी मनावर घेतलं नसतं. पण तो आमच्या संपादकांना सांगून गेला, की पारावर रोज मोठ्याने पेपर वाचणाऱ्या तिच्या बापानेसुद्धा ही बातमी वाचली नाही.

बाबा, हे खरं का? सोमवारपर्यंत गावातलं कुणी पुढे आलं नाही, तर संपादक दिलगिरी छापणार आहेत. तुम्हालाही बातमी खोटी वाटली असेल तर तसं लिहा. रागावणार नाही, थोडी रडेन. गुडघ्याला तेल लावत जा, लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
भार्गवी


माळवस्ती,
९ मे २०२५

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. खरं आहे, मी ती बातमी वाचली नाही. आपल्याच लेकीचं कौतुक चारचौघांत कसं मिरवायचं, म्हणून पान उलटलं. तीस वर्षं मास्तरकी करून अक्कल ही एवढी! लोकांनी अर्थ लावला, की बापच वाचंना म्हंजी पोरीनं खोटंच लिवलंय. चूक माझी आणि शिक्षा तुला.

आज रविवारचा अंक घेऊन पारावर गेलो आणि सगळं कबूल केलं. ठेकेदाराचा सोयरा महिपती म्हणाला, की लेक तुमची, तुमी खरंच म्हननार की. मी म्हटलं, माझं ऐकू नका, बातमी ऐका आणि आपापला हंडा आठवा. अक्षर न् अक्षर वाचलं. मग बजाबाई उठली. म्हणाली, की आमी समद्यांनी गप बसायचं आन् पोरीनं एकटीनं खोटं ठरायचं, हे न्हाय चालायचं.

हे पत्र तुझ्या हाती देते आहे ती हीच बजाबाई. तिला संपादकांकडे घेऊन जा, पण आधी खाऊ घाल. पहिल्या एसटीने उपाशी निघाली असेल.

एक सांगायचं राहिलं. संकोचापायी तुझं नाव आजही गाळलं होतं. बजाबाईने दरडावलं, की लिवनारीचं नाव घ्या की मास्तर. घेतलं. पहिल्यांदा पुटपुटलो, म्हणून दोनदा घ्यावं लागलं.

घरात लोभ होताच, यापुढे चारचौघांतही राहील.

तुझा
बाबा