एकशेऐंशीच्या आत

१२ जून. दिवस १५४.

आज पप्पांनी माझ्या हातात कापूस आणि हातोडी दिली! आजवर आमच्या बेटाच्या विंडवर्ड किनाऱ्यावर कुठल्या बाईने बोटीच्या फटी भरल्यात? म्हणाले, "ब्रुकलिनमध्ये म्हाताऱ्यांच्या जखमा बांधतेस ना? मग ही पण बांध. डावी बाजू तुझी." उजवी ॲल्स्टनची — माझा चुलतभाऊ, जन्मभर बोटीच बांधल्या त्याने. कापसाची वळी फटीत ठासायची, वरून लांबी भरायची. संध्याकाळपर्यंत चार हात फट भरून झाली. खांदा गेला कामातून. कसली मजा!

१७ जून. दिवस १५९.

सगळं गाव माझे दिवस मोजतंय. पाव आणायला गेले तरी — "इनेझ, किती उरले?" ॲल्स्टन म्हणतो, "अमेरिकेने तुला सुट्टी दिलीय की जामिनावर सोडलंय?"

हसू दे. सहा महिन्यांच्या, म्हणजे एकशेऐंशी दिवसांच्या आत अमेरिकेत परत गेले की ऑक्टोबरमध्ये नागरिकत्वाचा अर्ज. चार जुलैचं तिकीट आहे. बोट तीस जूनला पाण्यात जाणार. सगळं जमतंय!

२४ जून. दिवस १६६.

नाही जमत. डोलकाठीचं लाकूड गयानाहून निघालंच नाही. पप्पांनी बोट ढकलायची तारीख चौदा जुलै केली.

चौदा म्हणजे एकशेशहाऐंशी!

मर्लीनला फोन केला. ब्रुकलिनमध्ये आमची एकच खोली. म्हटलं, सहा दिवसांनी काय होतंय? ती ओरडलीच. "माझं काय झालं विसरलीस? गावी आईचं सगळं करून सात महिन्यांनी आले. ग्रीन कार्ड राहिलं, पण नागरिकत्वाचा अर्ज परत! आता बसलेय पुन्हा वर्षं मोजत. गुपचूप विमानात बस."

२५ जून

पाऊस. काम नाही. जेवले नाही.

२८ जून. दिवस १७०.

डावी बाजू पूर्ण!! शेवटची फट मी एकटीने भरली. पप्पांनी बोटाने दाबून पाहिलं आणि हातोडी पेटीत टाकली. म्हणजे बरी असावी.

मग फळीवर बसून शंखाच्या मांसाचं कालवण खाल्लं. तेव्हा विचारलं त्यांनी — "तो अमेरिकेचा पासपोर्ट हवाच कशाला गं?"

"तो मिळाला की इथे वर्षभर राहिले तरी तिकडे कुणी विचारणार नाही, पप्पा."

चमचा खाली ठेवून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे आपल्याच घरी राहायची परवानगी तिकडून आणायची!"

मीही हसले.

१ जुलै. दिवस १७३.

सकाळी दारात पप्पा, अंगात इस्त्रीचा सदरा. "पाद्रीबुवांना सांगून आलो. परवा ढकलतोय."

"आणि डोलकाठी?"

"पाण्यात उभी करू मागाहून. बोट तरंगते बुडाने, काठीने नाही."

मी नाचलेच! ॲल्स्टन चिडलाय — "टकली बोट! सगळं बेट हसेल." पप्पा म्हणाले, "हसू दे. डावी बाजू जिने भरली ती इथे हवी."

३ जुलै. दिवस १७५.

हात सोलवटलेत, नीट लिहिता येत नाही. तरी लिहिणार!

पहाटेपासून ढोल. बोकड कापला, रम शिंपडली, पाद्रीबुवांनी प्रार्थना आटोपती घेतली. मग टेकू तोडायला लागले, एकेक. बोट कलली — डाव्या अंगावर, मी भरलेल्या अंगावर! — आणि दोनशे माणसांनी दोर ओढला. मीही. मध्येच वाळूत रुतली. बायका शिव्या देत होत्या, देवाला की बोटीला, कळेना. पुन्हा हिसका. आणि ती गेली! नुसती घसरत गेली पाण्यात.

पप्पा लगेच कंदील घेऊन आत उतरले. मग वर आले आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "डावी कोरडी! ॲल्स्टन, बादली आण!"

४ जुलै. दिवस १७६.

न्यूयॉर्क. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाने विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

"बोट बांधत होते."

त्याने माझे हात बघितले. शिक्का मारला.

९ ऑक्टोबर

अर्ज गेला!

१९ मे

नागरिकत्वाची शपथ झाली. दोनशे जण, सगळ्यांच्या हातात झेंडे. मर्लीन माझ्याहून जास्त रडली. मग तिला सांगितलं — नोकरी सोडलीय, सोमवारी पप्पांकडे निघतेय. रडणं थांबलंच तिचं. "पाच वर्षं जीव टाकून अमेरिकन झालीस, आणि आता जातेस?"

तिकीटवाल्या मुलीने परतीची तारीख दोनदा विचारली. दोनदा नाही म्हटलं.