हातमोज्यातली आई

प्रिय ताई,

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

जगात चाळीसच उरलेले पक्षी परवा एक्केचाळीस झाले. आमच्या केंद्रात पिल्लू निघालं. चार देशांची माणसं त्याच्यावर डोळे लावून बसलीत. भरवते मीच, पण पडद्याआडून, पक्ष्याच्या तोंडाचा हातमोजा घालून. माणसाचा लळा लागला तर ते रानात टिकायचं नाही. ते मोज्यालाच आई समजतं. मला त्या मेल्या मोज्याचाही हेवा वाटतो.

माझी छकुली तुला आई म्हणते, हे तू हसत हसत लिहिलंस. मला नाही हसू आलं. वेणीही तूच घालतेस ना?

पिल्लाने मला ओळखू नये म्हणून मी इथे जपते. लेकीने ओळखावं, एवढं तिथे तू जप. रोज माझा फोटो दाखव, आणि स्वतःला मावशीच म्हणवून घे.

तुझ्यावर रुसलेली,
धाकटी