तीन डिस्क, त्यातल्या कोणत्याही दोन

मी, लक्ष्मण माघ्या भोये, वय ६८, निवृत्त हेडक्लार्क, राहणार जव्हार, पूर्ण शुद्धीवर आणि भलत्याच खुशीत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. खुशीचे कारण कलम ४ मध्ये आहे. तिथपर्यंत मला धीर धरवत नाही, पण कायद्याखातर धरतो.

१. जव्हारचे घर व जामसरची भातशेती मुलगा हरेश आणि मुलगी मंजुषा यांना समान. घरातला कॉम्प्युटर, ज्याला मी सर्व्हर म्हणतो, तो घरातच राहील.

२. बंद पडलेला यूपीएस मेहुणा बाबल्या यास. माझ्या सर्व्हरला तो सहा वर्षे ‘गार न करणारा फ्रीज’ म्हणत आला. यूपीएस अठरा किलोचा आहे. त्याने तो स्वतः उचलून न्यावा.

३. सदर सर्व्हरमध्ये माझी मयत पत्नी कोंडी हिची एकतीस गाणी होती, टेपवरून उतरवलेली. टेप पुढे बुरशीने गेली. गाणी सुरक्षित राहावीत म्हणून मी दोन डिस्क बसवल्या. एकीवर जे होईल ते तत्क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी आहे, असे गावभर सांगत फिरलो. २००४ साली गाणी एकीवरून पुसली गेली आणि दुसरीनेही मोठ्या इमानाने ती पुसली. त्या दिवशी हरेश मशीनवर बसला होता. मंजुषाने त्यालाच जबाबदार धरले, तो उलट बोलला, आणि तेव्हापासून बहीणभावात बोलणे नाही.

शपथेवर लिहितो की गाणी मी पुसली. जागा करायला ‘जुने’ नावाचा फोल्डर न उघडताच उडवला, आणि पोरांसमोर गप्प बसलो. मला याची लाज वाटते.

४. यंदा जूनमध्ये सूर्यमाळच्या माझ्या बहिणीने, फागीने, पेरणीसाठी माझ्यादेखत नागलीच्या बियाण्याची कणगी उघडली, तर आत सीडी. तीच गाणी! मीच कधीतरी तिला दिली होती. तिच्याकडे वाजवायला काही नाही, म्हणून मी विसरूनही गेलो होतो. आमच्यात निम्मे बी दुसऱ्याच्या घरी ठेवतात. फागीने माझी सीडीही तशीच, बी समजून, आपल्या घरी जपली.

“बी काय एकाच घरात ठेवतात काय रं?” ती म्हणाली. “आग लागली त काय पेरशील? वहिनीचा गळा हाय त्यात.”

दोन्ही डिस्क एकाच डब्यात ठेवणारा शहाणा मी. एसटी स्टँडवर मी नाचलो. कंडक्टरने पाहिले आहे.

५. ती ओरखडलेली सीडी एकदाच चालली, तेवढ्यात गाणी उतरवून घेतली, मग ती कायमची रुसली. आता गाणी तीन डिस्कवर अशी विभागली आहेत की कोणत्याही दोन डिस्क सर्व्हरला जोडल्या तर सगळी वाजतात. एकटी डिस्क म्हणजे नुसते लोखंड. एक हरेशला, एक मंजुषाला, तिसरी फागीच्या कणगीत. दोघांपैकी एकाची बिघडली तर फागीने आपली द्यावी, पण दोघे बरोबर आले तरच. एकटे कोणी आले तर त्यास चहा पाजावा, डिस्क देऊ नये.

प्रत्येकाला पूर्ण प्रत देता आली असती. मुद्दाम दिली नाही.

६. सतरावे गाणे अर्धे आहे. मध्येच थांबून कोंडी म्हणते, “हऱ्या, मंजूला हाक मार. तिच्याबिगर ताट नाय वाढणार.”

७. मृत्युपत्र मेल्यावर उघडायचे असते. मला तेवढी वाट पाहवत नाही. येत्या रविवारी दोघांना जेवायला बोलावले आहे, एकमेकांना न सांगता. कलम ३ मी स्वतः वाचून दाखवीन, मग डिस्क वाटीन. सतरावे गाणे संपेपर्यंत ताटे वाढणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि वाचताना दोनदा हसलो. फागीला साक्षीदार व्हायचे होते. जिला काही मिळते तिला होता येत नाही, म्हणून ती रागावली आहे.

साक्षीदार:
१. सुदर्शन गावित, शेजारी, जव्हार (सही)
२. नीता महाले, शिक्षिका, मोखाडा (सही)

लक्ष्मण माघ्या भोये (सही)
जव्हार, १८ जुलै २००७